ध्यानाची बैठक आणि शब्बाथचं ताट

1961च्या डिसेंबरात इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन ब्रह्मदेशाच्या दौऱ्यावर गेले होते. मेजवान्या, भाषणं, पाहणी हे सगळं उरकल्यावर पंच्याहत्तरीचे हे गृहस्थ लगेच मायदेशी परतले नाहीत. ब्रह्मी पंतप्रधान ऊ नू यांच्याकडे त्यांनी मुक्काम ठोकला आणि बौद्ध विचार आणि ध्यान समजून घेण्यात काही दिवस घालवले. ज्यू राष्ट्राचा संस्थापक रंगूनमध्ये बुद्धाच्या शिकवणीवर प्रश्न विचारत बसला होता, आणि त्याला तिथून उठवून परत आणायला कुणी रब्बी धावला नाही.

पुढे तीसेक वर्षांत चित्र पालटलं. त्याच राष्ट्रातली विशी-बाविशीतली मुलं-मुली हिमालयाच्या उतारांवर, बोधगयेत, काठमांडूच्या थामेलमध्ये आणि थायलंडच्या बेटांवर हिंडू लागली. त्यांच्यामागोमाग काळ्या टोप्या घातलेले तरुण रब्बी, त्यांच्या बायका आणि बेखमीर भाकरीची खोकीही तिथं पोचली. बौद्ध वस्त्यांमधून फिरणाऱ्या आपल्या माणसांना गाठून त्यांना आपल्या परंपरेची ओळख नव्याने करून देण्याचा हा उद्योग आता चांगला रुळला आहे. त्यावर पुस्तकं निघाली, माहितीपट झाले, विद्यापीठांतून अभ्यासही झाले. ते सगळं एकत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. या उद्योगात दोन निराळ्या भुकांची गल्लत झालेली आहे. घरापासून दूर असलेल्याला घर हवं असतं, ही एक भूक. घरात जे कधी मिळालंच नाही ते शोधायला बाहेर पडणं, ही दुसरी. पहिलीला ज्यू संस्थांनी फार उत्तम उत्तर दिलं. दुसरीचं उत्तर मात्र बहुतांशी बौद्धांकडे राहून आलेल्या ज्यूंनाच द्यावं लागलं.

या वाटेने जाणारे पहिले लोक प्रवासी म्हणावेत असे नव्हते. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेनंतर अनागारिक धर्मपालांकडून बौद्ध धर्माची दीक्षा घेणारे चार्ल्स स्ट्रॉस हे न्यूयॉर्कचे व्यापारी जन्माने ज्यू होते. ज्या परिषदेतलं आपल्याला फक्त विवेकानंदांचं भाषण आठवतं, तिच्याच मांडवाशेजारी ही घटना घडली. जर्मनीतल्या हानाऊ गावी 1901मध्ये जन्मलेले झिगमुंड फेनिगर 1936मध्ये सिलोनला गेले आणि भिक्खू न्यानपोनिक झाले. हिटलरच्या जर्मनीत ज्यू म्हणून जगणं अशक्य झालेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लेखी ‘जर्मन’ ठरला आणि डेहराडूनच्या छावणीत स्थानबद्ध झाला. 1958मध्ये कँडीत सुरू झालेल्या बुद्धिस्ट पब्लिकेशन सोसायटीचे ते एक संस्थापक. इंग्रजीतून थेरवाद वाचणाऱ्या जगभरच्या वाचकांवर या संस्थेचं ऋण आहे. बर्लिनमध्ये 1923 साली जन्मलेली आणि 1938मध्ये नाझी राजवटीतून निसटलेली एक मुलगी 1979मध्ये श्रीलंकेत दीक्षा घेऊन अय्या खेमा झाली. या पिढीला परत आणायला कुणी निघालं नाही, कारण परत आणायचं तर कुठे? घरच जळून गेलं होतं.

अमेरिकेतली पुढची पिढी अगदी वेगळ्या परिस्थितीतली. उपनगरातलं सुखवस्तू घर, रविवारची हिब्रू शाळा, तेराव्या वर्षीचा बार-मित्स्वा आणि त्यानंतर देवळाशी संबंध जवळपास संपलेला. 1971च्या जानेवारीत बोधगयेला सत्यनारायण गोएंकांचं एक विपश्यना शिबिर झालं. त्याला बसलेल्या अमेरिकनांत जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग आणि रिचर्ड अल्पर्ट ऊर्फ रामदास होते. तिघेही ज्यू घरांतले. थायलंड-ब्रह्मदेशात भिक्खू होऊन आलेल्या जॅक कॉर्नफील्डना सोबत घेऊन गोल्डस्टीन आणि साल्झबर्ग यांनी 1975मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये इनसाइट मेडिटेशन सोसायटी उभी केली. अमेरिकेच्या लोकसंख्येत ज्यू जेमतेम 2 टक्के, पण ध्यान शिकवणाऱ्यांच्या यादीत गोल्डस्टीन, साल्झबर्ग, बूरस्टीन, ग्लासमन, फिशर अशी नावं ओळीने येतात. पाश्चात्त्य बौद्धांत एक-तृतीयांश ज्यू आहेत वगैरे विधानं सर्रास केली जातात. ती अंदाजपंचे आहेत. पण नुसत्या नावांची यादीसुद्धा पुरेशी बोलकी आहे. या मंडळींना ‘ज्यूबू’ (ज्यू-बुद्धिस्ट) हे टोपणनाव चिकटलं आणि ते त्यांनी हसत स्वीकारलं.

इस्रायली मुलांची गोष्ट तिसरीच. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले ते जानेवारी 1992मध्ये. त्यानंतर इस्रायली पाठपिशवीवाल्यांचा ओघ फुगत गेला. सक्तीची लष्करी सेवा मुलांना साधारण तीन वर्षं, मुलींना दोन. ती संपली की हॉटेलात किंवा बांधकामावर काम करून पैसे साठवायचे आणि काही महिन्यांच्या ‘मोठ्या प्रवासा’ला निघायचं. त्या समाजात हा आता जवळजवळ एक संस्कारविधीच झाला आहे. वाटही ठरलेली: उन्हाळ्यात मनाली, कसोल, धरमकोट, लेह, थंडीत गोवा, गोकर्ण, हंपी, अधेमधे पुष्कर, ऋषिकेश, वाराणसी. वाटेवरच्या ढाब्यांना हिब्रू पाट्या लागल्या आणि पहाडी पोरं शकशुका करायला शिकली. यातले सगळे साधक असतात असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. कित्येकांना पहाड, मोटारसायकल आणि चरस एवढंच हवं असतं. योआव शमीर यांच्या 2007च्या ‘फ्लिपिंग आउट’ या माहितीपटात गणवेश उतरवून थेट नशेत बुडालेली, त्यातून मन बिघडलेली मुलं दिसतात आणि त्यांना सावरायला धडपडणारी माणसंही दिसतात. पण ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न घेऊन निघालेलीही पुष्कळ असतात, आणि एकच मुलगा मे महिन्यात कसोलला झिंगलेला आणि जूनमध्ये धरमकोटला दहा दिवस मौनात बसलेला असू शकतो.

मॅक्लिऑडगंजच्या वरच्या अंगाला असलेलं धरमकोट या साऱ्याचा जणू नकाशाच आहे. लामा येशे आणि लामा झोपा यांनी 1972मध्ये सुरू केलेलं तुषिता केंद्र तिथं देवदारांच्या झाडीत आहे. त्याला लागूनच गोएंका परंपरेचं ‘धम्म सिखर’. आणि या परिसरातच, चालत जाता येईल अशा अंतरावर, खबादचं घर. सकाळी तिबेटी भिक्षूकडून शून्यतेवर ऐकायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी वेणीदार पिवळा हाला-पाव मिठात बुडवून खायचा, यात तिथं कुणाला विसंगती वाटत नाही.

खबाद हा ल्युबाविच हसिदी पंथ. त्याचे सातवे रेब्बे, म्हणजे पंथगुरू, मेनाखेम मेन्डेल श्नीअरसन यांनी 1951मध्ये न्यूयॉर्कमध्ये धुरा हाती घेतली आणि 1994मध्ये निधन होईपर्यंत शेकडो जोडप्यांना जगभर ‘श्लिहुत’वर, म्हणजे दूत म्हणून, पाठवलं. आज ही घरं हजारोंच्या संख्येत आहेत. या कामामागे एक धर्मविचार आहे. तो समजून घेतल्याशिवाय एखादं विशीतलं जोडपं लहान मूल काखेत घेऊन हिमालयातल्या खेड्यात जन्मभरासाठी का जातं हे कळत नाही. लुरियाच्या कबालानुसार, म्हणजे ज्यू गूढविचारानुसार, सृष्टी घडताना दिव्य ठिणग्या सर्वत्र विखुरल्या, आणि त्या वेचून वर नेणं हे माणसाचं काम. मग कुठलीच जागा अस्थानी नाही; उलट जितकी दूरची, तितकी तिथं जायची निकड जास्त. याला जोड मिळते ती तालमुदातल्या ‘पळवून नेलेल्या बालका’च्या कल्पनेची. जे मूल परक्यांत वाढलं त्याला धर्म मोडल्याचा दोष लागत नाही. निधर्मी घरात वाढलेला आजचा ज्यू म्हणजे असंच बालक, असं मानलं की खडसावण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याला जेवायला बोलवायचं.

जेवणाचा हा भाग वरवरचा समजू नये. सगळी पद्धत त्याच्याभोवती बांधलेली आहे. दारात कुणी विचारतं, ‘आज तेफिलीन बांधलंस का?’ दंडाला आणि कपाळावर चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायच्या त्या छोट्या पेट्या. दोन मिनिटांचं काम. मुलींना शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावायला मेणबत्त्या. त्यापुढे कसलीच अट नाही. पूर्ण धार्मिक हो, टोपी घाल, हे कुणी म्हणत नाही. एक मित्स्वा, एक आज्ञापालन, पुरे. आत हिब्रू पुस्तकं, ओळखीच्या चवीचं जेवण, सामान ठेवायची सोय, इतरांचे निरोप. कुणी पहाडात हरवला तर शोधायला माणसं पाठवणं, इस्पितळात भाषांतर करणं, आईवडिलांशी फोनवर बोलणं, हेही याच घराचं काम. आपल्याकडे एके काळी मुंबईत गावकीच्या खोल्या असत तसं काहीसं, फक्त इथल्या भिंतीवर रेब्बेंची तसबीर. आणि हे घर चालतं ते रब्बीच्या बायकोच्या जिवावर, याची नोंद बहुतेक लेखनात ओझरतीच येते. दर शुक्रवारी पन्नास-शंभर माणसांचा कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांनुसार, स्वयंपाक, तोही जिथं कोशर मांस मिळत नाही आणि दिवसाला चार तास वीज जाते अशा गावात, हेच खरं तर या साऱ्या कार्याचं मर्म आहे. प्रवचन त्यानंतर येतं.

याची पराकाष्ठा काठमांडूचा सेदेर. पेसाख सणाच्या पहिल्या रात्री मिसरमधल्या गुलामीतून सुटकेची कथा सांगत जेवायचं, हा घरगुती विधी. नेपाळात तो 1989पासून मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. 2000मध्ये हेझ्की आणि खानी लिफशित्झ या दांपत्याने तिथं कायमचं खबाद घर थाटलं. हजाराच्या वर माणसं या सेदेरला जमतात. जगातला सर्वांत मोठा सेदेर म्हणून तो ओळखला जातो. 2014मध्ये इस्रायली परराष्ट्र खात्याच्या संपामुळे मात्सा, म्हणजे बेखमीर भाकरी, आणि वाइनचा कंटेनर अडकला तेव्हा त्याची बातमी जगभर गेली. 2015च्या एप्रिलात भूकंप झाला तेव्हा हेच घर शेकडो अडकलेल्यांचा आसरा झालं. त्याआधीच, 2012मध्ये, या घरावर बेतलेली ‘काठमांडू’ नावाची मालिका इस्रायली दूरचित्रवाणीवर गाजली होती. थोडक्यात, घराची भूक ज्यू संस्थांनी ओळखली आणि भागवली. यात उणं काढण्यासारखं काही नाही.

दारिया माओझ आणि त्स्वी बेकरमन यांनी भारतातल्या इस्रायली प्रवाशांचा आणि खबादच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आहे. त्यातून पुढे येणारा प्रवासी हा ‘सापडलेला’ किंवा ‘हरवलेला’ अशा खणांत बसत नाही. तो वेचून घेतो: थोडी कबाला, थोडं रेकी, थोडी विपश्यना, शुक्रवारचं जेवण. प्रसारक त्याला परंपरेच्या दारात उभा असलेला पाहतो. स्वतःच्या नजरेत तो बाजारात हिंडत असतो. काहीजण परतल्यावर येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत, जातात, सबंध आयुष्य बदलतात. अशांच्या कहाण्या सांगायला सोप्या, म्हणून त्याच पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात.

आता दुसऱ्या भुकेकडे वळू. इथं पहिली अडचण धर्मशास्त्राची आहे. मूर्तिपूजा, ‘अवोदा झारा’, हा ज्यू धर्मात परमावधीचा निषेध. बुद्धमूर्तीपुढे तीनदा दंडवत घालणं हे काय? बौद्ध म्हणतात, ही देवपूजा नव्हे, आमच्याकडे सृष्टिकर्ता देवच नाही. शास्त्री म्हणतात, कृती पाहायची, खुलासे नंतर. या कडकपणाचा भारताला एक मासलेवाईक अनुभव आलेला आहे. 2004मध्ये जेरुसलेमचे रब्बी एल्याशिव यांनी तिरुपतीला अर्पण झालेल्या केसांचे टोप वापरू नयेत असा निर्णय दिला आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवर महागडे टोप जाळले गेले. ज्या व्यवस्थेत केसांचं एवढं, तिथं तुषिताच्या ध्यानमंदिरात मांडी घालून बसणाऱ्याचं काय होणार!

विपश्यनेचा पेच त्याहून नाजूक. ती संप्रदायातीत आहे, कुठल्याही धर्माच्या माणसाने करावी, असं गोएंका आवर्जून सांगत. मूर्ती नाही, धूप नाही, शाकाहारी जेवण; कोशर पाळणाऱ्याच्या दृष्टीने निम्मे प्रश्न तिथंच मिटले. पण शिबिराच्या नियमांत दहा दिवस सगळी पूजा, प्रार्थना, कर्मकांड थांबवण्याची अट आहे, आणि सुरुवातीला बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याचा विधी आहे. दिवसातून तीन वेळा प्रार्थना बंधनकारक असलेल्या ज्यूने ती दहा दिवस बंद ठेवायची? शब्बाथच्या साप्ताहिक विश्रांतिदिनी किद्दुशचा आशीर्वाद म्हणायचा नाही? निधर्मी इस्रायलीला हा प्रश्नच पडत नाही, कारण तो तशीही प्रार्थना करत नाही. पडतो तो नेमक्या त्याला, जो पाळणारा आहे आणि तरीही शोधतो आहे. गालिली समुद्राच्या दक्षिणेला देगानियाजवळ आज ‘धम्म पमोद’ हे विपश्यना केंद्र आहे. देगानिया म्हणजे किबुत्झ चळवळीची जन्मभूमी. वादाने आता इस्रायलच्या घरातच मुक्काम केला आहे.

परंपरेच्या आत ध्यान नाही का? आहे, आणि भरपूर आहे, पण ते कुलूपबंद होतं. तेराव्या शतकातल्या अबुलाफियाच्या अक्षरध्यानापासून ब्रास्लावच्या नाखमानांच्या एकांतातल्या ‘हितबोदेदुत’पर्यंत केवढी तरी सामग्री. रेब्बे श्नीअरसन यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस पौर्वात्य ध्यानाच्या लाटेची दखल घेऊन धर्माला मान्य होईल अशा ध्यानपद्धतीची गरज बोलून दाखवली होती. खबादच्या कामाकडे नुसतं जेवणावळ म्हणून बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण त्या दिशेने खरं काम केलं ते खबादच्या बाहेरच्या एका माणसाने. भौतिकशास्त्र शिकलेले ऑर्थोडॉक्स रब्बी आर्ये काप्लान यांनी ‘मेडिटेशन अँड द बायबल’ (1978), ‘मेडिटेशन अँड कबाला’ (1982) आणि ‘ज्यूइश मेडिटेशन’ (1985) ही तीन पुस्तकं लिहिली. शेवटचं त्यांच्या अकाली निधनानंतर आलं. काप्लानना पक्कं ठाऊक होतं की आश्रमांत गेलेली मुलं काही चुकीचं मागत नाहीत; फक्त ते घरात आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक ऑर्थोडॉक्स उत्तर त्यांचंच.

याच्या तुलनेत अकिवा तात्झ आणि डेव्हिड गॉटलीब यांचं ‘लेटर्स टू अ बुद्धिस्ट ज्यू’ (2004) पाहावं. गॉटलीब झेन साधक, तात्झ ऑर्थोडॉक्स रब्बी. प्रश्न कळकळीचे आहेत आणि उत्तरं विद्वत्तापूर्ण आहेत. पण वाचताना जाणवतं की एकाची जागा पहिल्या पानापासून पक्की आहे आणि चालत यायचं आहे ते दुसऱ्यानेच.

उलट दिशेने चालून पाहण्याचा प्रसंग 1990च्या ऑक्टोबरात धर्मशाळेला घडला. निर्वासितपणात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहायचं कसं, हे दलाई लामांना ज्यूंकडून जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी वेगवेगळ्या पंथांच्या रब्बी-विद्वानांचं एक मंडळ गेलं आणि कवी रॉजर कामेनेट्झ यांनी त्याची हकीकत ‘द ज्यू इन द लोटस’ (1994) या पुस्तकात लिहिली. मंडळातल्या मंडळातच एकत्र प्रार्थना कशी करायची यावरून ताण होता, हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ऑर्थोडॉक्स रब्बी अर्व्हिंग ग्रीनबर्ग यांनी सांगितलं ते इ.स. 70मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतर रब्बींनी धर्म कसा वाचवला त्याबद्दल: मंदिरातली वेदी घरच्या जेवणाच्या मेजावर आली. तिबेटींनीही आपली आठवण घराघरांतल्या विधीत ओवावी, हा त्यातला रोख. पुढे अमेरिकेत तिबेटसाठी सेदेर झाले, आणि 1997मध्ये वॉशिंग्टनच्या सेदेरला स्वतः दलाई लामा होते.

पण त्यांना दुसरंही काहीतरी हवं होतं. मनातल्या क्लेशांचं तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं आणि मंडळ चाचपडलं. तिथं धावून आले ते झालमान शाख्तर-शालोमी. पोलंडमध्ये जन्मलेले, व्हिएन्नात वाढलेले, ल्युबाविचचे शिकलेले रब्बी. 1940च्या दशकाच्या अखेरीस श्लोमो कार्लेबाख यांच्यासह महाविद्यालयांतल्या तरुणांना गाठायला पंथाने पाठवलेले पहिले दूत. म्हणजे आज ज्याला खबादचं प्रसारकार्य म्हणतात त्याच्या मुळाशीच हे गृहस्थ होते. पुढे सूफी, हिंदू, बौद्ध साधकांत वावरून त्यांनी पंथाची चौकट सोडली आणि ज्यू नवजागरणाची वेगळी चळवळ उभी केली. कबालातल्या चार विश्वांची मांडणी त्यांनी दलाई लामांपुढे केली आणि दोघांची चर्चा देवदूत आणि देवतांपर्यंत रंगली. 1995मध्ये त्यांनी बोल्डरच्या नारोपा या बौद्ध परंपरेतून उभ्या राहिलेल्या संस्थेत अध्यासन स्वीकारलं. ज्यांना आणायला पाठवलं होतं त्यांच्याच गावात ते राहायला गेले, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती चुकीची नाही, फक्त तिथं राहून त्यांनी जे परत पाठवलं त्याचा हिशेब त्या टीकेत येत नाही.

धर्मशाळेत मंडळाला जन्माने ज्यू असलेले बौद्ध साधक आणि भिक्षुणीही भेटले. अलेक्झांडर बर्झिन आणि थुब्तेन चोद्रोन त्यांत होते. त्यांच्या बोलण्यात कटुता नव्हती. दुःखाबद्दल, मनाबद्दल आम्ही विचारलं तेव्हा घरी कुणी काही शिकवलं नाही, इथं पद्धत मिळाली, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि खुद्द दलाई लामा पाश्चात्त्यांना वारंवार आपापल्या परंपरेतच राहायचा सल्ला देत आले आहेत. त्यामुळे ‘बौद्धांनी आमची मुलं पळवली’ ही ओरड टिकत नाही.

महाराष्ट्राचा या साऱ्याशी संबंध मुद्दाम शोधावा लागत नाही. ब्रह्मदेशातून आलेल्या गोएंकांचं पहिलं भारतीय शिबिर 1969मध्ये मुंबईत झालं आणि 1976पासून इगतपुरीचं धम्मगिरी हे त्या परंपरेचं मुख्य ठाणं आहे; बेन-गुरियन ज्या रंगूनमध्ये बसले होते तिथंच सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गोएंका शिकले. पुण्यात कोरेगाव पार्कला ओशो आश्रमापासून हाकेच्या अंतरावर खबादचं घर आलं ते तिथं येणाऱ्या इस्रायलींसाठीच. 2010च्या फेब्रुवारीत जर्मन बेकरीत स्फोट होऊन 17 जण गेले ते याच परिसरात. त्याआधी डेव्हिड हेडलीने ज्या जागांची टेहळणी केली होती त्यांत खबादची घरं होती. आणि कुलाब्याचं नरिमन हाऊस, आपल्या वर्तमानपत्रांतलं ‘छाबड हाऊस’. गॅव्हरिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग 2003मध्ये मुंबईत आले ते व्यापारी आणि प्रवाशांना घर द्यायला. 26 नोव्हेंबर 2008ला दहशतवाद्यांनी ते घर ताब्यात घेतलं, त्यांच्यासह सहा जण मारले गेले, आणि दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युएल हिने बाहेर काढलं. दार उघडं ठेवण्याची किंमत किती असू शकते हे त्या रात्रींनी दाखवलं. तरी 2014मध्ये ते घर पुन्हा सुरू झालं.

आपल्याला या विषयात आणखी दोन गोष्टी खुपतात. इगतपुरीला येणाऱ्या परदेशी साधकाचा बौद्ध धर्म आणि 1956मध्ये नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना दिलेला धम्म यांची गाठच पडत नाही. एकासाठी तो मनःशांतीचा मार्ग, दुसऱ्यासाठी माणूस म्हणून उभं राहण्याचा. ज्यू-बौद्ध संवादाच्या एवढ्या साहित्यात आंबेडकर जवळजवळ नाहीतच. अपमान सोसलेल्या दोन समाजांना एकमेकांशी बोलण्यासारखं खरं तर पुष्कळ होतं. दुसरी गोष्ट कोकणातल्या बेने इस्रायलींची. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ ठरलेली, मराठीत कीर्तनं करणारी ही मंडळी इस्रायलला गेल्यावर 1962मध्ये तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचं फर्मान काढलं. धरणं धरावं लागलं, 1964मध्ये संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला, तेव्हा प्रकरण निवळलं. नंतरच्या दशकांत शब्बाथ कधीच न पाळलेल्या मुलांना शोधायला दूत हिमालय चढू लागले. खबादला धर्मपीठाच्या त्या फर्मानासाठी जबाबदार धरता येणार नाही. पण कोकणातून पाहणाऱ्याला हा फरक दिसल्यावाचून राहत नाही.

अलीकडचं महत्त्वाचं पुस्तक म्हणजे एमिली सिगालो यांचं ‘अमेरिकन ज्यूबू’ (2019). ज्यूंनी बौद्ध धर्म घेतला एवढंच घडलं नाही, अमेरिकेतल्या बौद्ध ध्यानाला निधर्मी, मानसशास्त्रीय वळण देण्यात ज्यूंचा मोठा हात होता, हे त्या सविस्तर दाखवतात. प्रवाह दोन्हीकडे वाहिला. सिल्व्हिया बूरस्टीन विपश्यना शिकवता शिकवता पुन्हा ज्यू विधी पाळू लागल्या आणि पुढे रब्बींच्या ध्यानशिबिरांत शिकवू लागल्या. आज अमेरिकेतल्या कित्येक उदारमतवादी रब्बींना मौनात बसायची सवय आहे, तिचा उगम बोधगयेपर्यंत शोधता येतो. ऑर्थोडॉक्स प्रसारकांनी हे श्रेय मोकळेपणाने दिलेलं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलन ल्यू यांचं उदाहरण यात मला सर्वांत पटतं. दहा वर्षं झेन साधना केलेला हा माणूस त्या संप्रदायात पूर्ण दीक्षा घेण्याच्या उंबरठ्यावर थबकला आणि पुढे रब्बी झाला. बेथ शोलोम या आपल्या सिनेगॉगच्या शेजारीच त्यांनी, झेन आचार्य आणि जुने मित्र नॉर्मन फिशर यांच्या साथीने, 2000च्या सुमारास ‘माकोर ओर’ हे ध्यानकेंद्र सुरू केलं. आधी बसायचं, मग उठून प्रार्थनेला जायचं. बौद्ध आणि ज्यू यांची भेसळ करायची नाही आणि एकाने दुसऱ्याला हरवायचंही नाही; सरावाची शिस्त जिथून शिकलो तिथली, प्रार्थना आपली. ल्यू 2009मध्ये वारले. त्यांच्यासारखी, दोन्हीकडचं अंगावर वागवलेली माणसं मोजकीच असतात आणि ती बहुधा मोठ्या शहरांत, पन्नाशीतल्या मंडळींच्या वाट्याला येतात. धरमकोटला दहा दिवसांचं मौन संपवून बाहेर पडलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला शुक्रवारी गरम सूप मिळतं, मेणबत्ती मिळते, हिब्रूत गप्पा मारायला माणसं मिळतात. त्या दहा दिवसांत नेमकं काय घडलं, याबद्दल तिने तिथल्या रब्बीला विचारलं, तर त्याचं उत्तर बहुतेक वेळा पुढच्या वाढपावर येऊन थांबतं.